यामाहाची सुरुवात मोटरसायकलपासून नाही, शाळेतल्या एका बंद ऑर्गनपासून झाली

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जपानी पियानोंवर अर्धं पान लेख आला होता तो दोनदा वाचला. हा विषय घेतलात याबद्दल आधी मनापासून आभार, मराठी पेपरात वाद्यं बनवणाऱ्यांबद्दल फार कमी छापून येतं, वाजवणाऱ्यांबद्दलच येतं. पण त्या लेखात दोन गोष्टी खटकल्या आणि चार दिवस डोक्यातून जाईनात म्हणून लिहायला बसलोय. पत्र लांबणार आहे, काटछाट केलीत तरी चालेल पण यामाहा कंपनी काढणाऱ्या तोराकुसूचा भाग तेवढा राहू द्या.

पहिली गोष्ट, लेखात लिहिलंय की यामाहा या मोटरसायकल कंपनीने पुढे पियानोही काढले. हे बरोबर उलटं आहे. यामाहाची पहिली मोटरसायकल १९५५ ची आणि पहिला पियानो १९०० चा, मधे ५५ वर्षं गेली. आमच्या पिढीने आरएक्स १०० वर जीव टाकला, सांगली-कोल्हापूर भागात अजूनही ती गाडी लोक पोरासारखी जपतात, पण त्या गाडीच्या कंपनीची जी गोल खूण आहे ती नीट बघा, चाकाच्या आऱ्या वाटतात पण त्या आऱ्या नाहीत, ते तीन ट्यूनिंग फोर्क आहेत एकमेकांवर आडवे-तिडवे ठेवलेले. सूर जुळवायचा दोन दातांचा लोखंडी चिमटा असतो ना, गुडघ्यावर आपटून कानाशी धरायचा, तो. मोटरसायकलवर सुराचा चिमटा का, तर कंपनीच मुळात सुराची.

दुसरी गोष्ट जास्त लागली. लेखाच्या शेवटी एक वाक्य आहे की जपान्यांनी युरोप-अमेरिकेच्या पियानोची नक्कल करून स्वस्तात विकले. मी सांगलीत ३१ वर्षं पेट्या दुरुस्त करतोय, पायाचे ऑर्गन पण करतो, माझ्या वडिलांनी नाटक कंपन्यांचे ऑर्गन केलेत, त्यामुळे हे वाक्य वाचून गप्प बसवलं नाही. ज्याला नक्कल म्हणतात ती गोष्ट बाकावर बसून करायला घेतली की कळतं ती काय असते.

तोराकुसू यामाहा. जन्म १८५१ चा, जपानच्या किई भागात, आज जिथे वाकायामा आहे तिथला, सामुराई घरातला. त्याच्या ऐन तरुणपणात सामुराई लोकांचा जमानाच संपला, तलवार ठेवली आणि हातात स्क्रूड्रायव्हर घ्यायची वेळ आली. नागासाकीला जाऊन घड्याळाचं काम शिकला, मग दवाखान्यातली उपकरणं दुरुस्त करायला लागला आणि त्या कामासाठी हामामात्सू नावाच्या गावी आला. हे गाव तोक्यो आणि ओसाकाच्या साधारण मधे आहे, तेव्हा फार मोठं नव्हतं. १८८७ साली तिथल्या प्राथमिक शाळेतला ऑर्गन बंद पडला. अमेरिकेचा, मेसन अँड हॅमलिन कंपनीचा. शाळेला फार मोलाची वस्तू, गावात कुणालाच त्यातलं काही कळेना, मग दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करतो तो माणूस आहे त्याला बोलवा म्हणून याला बोलावलं. यानं ऑर्गन उघडून बघितला तर आत दोन स्प्रिंगा तुटलेल्या.

आता इथे मला थोडं थांबायचंय कारण हे काम मी आठवड्यातून दोनदा करतो. पट्टीच्या खाली एक झडप असते आणि झडपेला स्प्रिंग. पट्टी सोडली की स्प्रिंग झडप बंद करते. ती तुटली की झडप उघडीच राहते आणि सूर वाजतच राहतो, लोक पेटी घेऊन येतात आणि सांगतात "हात लावला नाही तरी ही ओरडतीय". दहा मिनिटांचं काम आहे, पितळी तार वाकवायची, बसवायची, पैसे घ्यायचे, घरी जायचं. तोराकुसूने पण स्प्रिंगा बसवल्या, पण बसवता बसवता त्याने आतलं सगळं कागदावर काढून घेतलं. भाता कसा आहे, हवा कुठून येते, सुराचं पान कुठे बसतं, सगळं. आणि दुरुस्ती झाल्यावर त्याच्या मनात आलं की हे तर आपल्याला बनवता येईल. मी ३१ वर्षांत हजारो पेट्या उघडल्या असतील, माझ्या वडिलांनी त्याहून जास्त, आणि उघडलेल्या पेटीचं चित्र काढून ठेवावं हे आम्हा दोघांना कधी सुचलं नाही. हे मी अगदी खरं सांगतोय.

मग त्याने कावाई किसाबुरो नावाचा एक कारागीर जोडीला घेतला, हा धातूवर नक्षी-बिक्षी करणारा, आणि दोघांनी मिळून स्वतःचा ऑर्गन उभा केला. वाजला. पण गावात कुणाला विचारणार चांगला आहे का वाईट, तेव्हा ठरवलं तोक्योला न्यायचा, तिथे सरकारची संगीताची संस्था होती. रेल्वेचा रस्ता तेव्हा अजून पुरा झालेला नव्हता. त्यांनी ऑर्गन काठीला बांधला, एक टोक याच्या खांद्यावर दुसरं त्याच्या, आणि चालत निघाले, अडीचशे किलोमीटर, मधे हाकोनेचा घाट. म्हणजे सांगली-पुण्यापेक्षा थोडं जास्तच. शिंगणापूरची कावड मुंगी घाटातून चढवतात ते ज्याने डोळ्यांनी बघितलंय त्याला मी काय म्हणतोय ते कळेल, खांद्याची साल निघते, पण तिथे हजार माणसं हात लावायला असतात आणि हर हर महादेवचा गजर असतो, इथे दोघंच आणि खांद्यावर एक लाकडी खोकं ज्याचं काय होणार ते माहीत नाही.

आणि तोक्योत पोचल्यावर काय झालं, तर संस्थेचे प्रमुख इसावा शुजी होते, त्यांनी तपासून घेतला आणि सांगितलं की बनावट ठीक आहे पण सूर बरोबर लागलेले नाहीत.

या एका वाक्यापायी मला हा माणूस जवळचा वाटतो. सूर लागलेले नाहीत म्हणजे काय, तर ऑर्गनचा किंवा पेटीचा सूर म्हणजे पितळेची एक पातळ जीभ असते, हवा गेली की थरथरते. ती टोकाला घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. कानसीचा एक हात जास्त पडला की गेला, मग दुसऱ्या बाजूने घासून परत आणायचा, असं दोनचार वेळा झालं की जीभ इतकी पातळ होते की ती फेकूनच द्यावी लागते. सगळी सुतारकी जमली, चामड्याचा भाता जमला, हवा कुठे गळत नाही, तरी हे जमलं नाही तर ते वाद्य नाही. कानसीच्या आधी कान तयार व्हावा लागतो. तोराकुसूचा कान तयार नव्हता, त्याच्याकडे स्वरशास्त्र नव्हतंच, घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडे ते कुठून येणार. इसावांनी त्याला हाकलून दिलं नाही हेही महत्त्वाचं, संस्थेतच बसून शिका म्हणाले. हा महिनाभर तिथे राहिला, सूर कसे लावायचे ते शिकला, परत हामामात्सूला आला आणि दुसरा ऑर्गन बनवला. तो पसंत पडला, परदेशी ऑर्गनच्या जागी चालेल असा शेरा मिळाला. आता ती खूण परत आठवा, गाडीवरची. ज्या गोष्टीत पहिल्यांदा नापास झाला तीच त्याच्या घराण्याची निशाणी झाली.

पुढचं सगळं भराभर सांगतो. १८९७ ला निप्पोन गाक्की नावाने कंपनी उभी राहिली (यामाहा हे कंपनीचं अधिकृत नाव १९८७ ला झालं, नव्वद वर्षांनी). १८९९ ला सरकारच्या शिक्षण खात्याने तोराकुसूला अमेरिकेला पाठवलं, तिथले पियानोचे कारखाने बघून आला, १९०० ला पहिला उभा पियानो, १९०२ ला पहिला ग्रँड, म्हणजे आडवा. पहिल्या पियानोत आतले बरेच भाग अमेरिकेतूनच आणलेले होते, हे लपवायचं कारण नाही, सुरुवात सगळ्यांची अशीच असते. १९०४ च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या वाद्यांना मान मिळाला. १९१६ ला तोराकुसू गेला.

पण जपानी पियानो म्हणजे नुसती यामाहा नाही, लेखात कावाईचं नाव एका ओळीत आलंय तेही "दुसरी कंपनी" म्हणून. कोइची कावाईची गोष्ट तर पोरांना सांगावी अशी आहे (मघाच्या किसाबुरोशी घोळ करू नका, हा वेगळा). हामामात्सूतलाच, जन्म १८८६ चा, बाप गाडे बनवणारा, आपल्याकडे बैलगाडी बनवणारे सुतार असतात तसा. या पोराने लहानपणी पायाने मारायची एक गाडी स्वतःच बनवली आणि गावातून चालवत निघाला, तसली गाडी तिथे कुणी पाहिली नव्हती. शेजारीच राहायचा तोराकुसू. त्याने पोरगं हेरलं आणि ११ व्या वर्षी हाताखाली घेतलं. यामाहाचा पहिला पियानो ज्या मंडळींनी बनवला त्यात हा होता, पंधरासुद्धा पुरी झाली नव्हती. पुढे पियानोची अ‍ॅक्शन, म्हणजे पट्टी दाबल्यापासून हातोडी तारेवर आदळून परत मागे येते तोपर्यंतची जी सगळी यंत्रणा, ती जपानमध्ये बनवण्याचं मुख्य श्रेय याचंच. बाहेरून आणायचा सगळ्यात नाजूक भाग तोच होता.

तोराकुसूच्या मागे कंपनीचे दिवस वाईट गेले, १९२६ ला कामगारांचा मोठा संप झाला, १०५ दिवस चालला. १९२७ ला कोइची बाहेर पडला, सात जण बरोबर, आणि स्वतःचं काम सुरू केलं. नाव काय ठेवलं तर कावाई वाद्य संशोधन प्रयोगशाळा. कारखाना नाही, दुकान नाही, प्रयोगशाळा. गाडे बनवणाऱ्याच्या पोराने हे नाव निवडलं याचं मला फार कौतुक वाटतं. १९५५ ला तो गेला, मुलगा शिगेरू ३३ वर्षांचा होता, त्याने कारभार हातात घेतला आणि त्याच्या नावाचे शिगेरू कावाई ग्रँड आज जगभर स्टेजवर आहेत.

मधे लढाई झाली. पियानोच्या कारखान्यात विमानांचे पंखे बनत होते, लाकूड वाकवणं-तासणं ज्यांना येतं त्यांना सरकारने त्या कामाला लावलं, आणि १९४५ ला हामामात्सू बॉम्बमध्ये आणि समुद्रावरून आलेल्या तोफांमध्ये भाजून निघालं. दोन-तीन वर्षांत परत पियानो बनायला लागले. पंख्यांसाठीची जी यंत्रं पडून होती त्यांचं काय करायचं यातून पुढे ती १९५५ ची मोटरसायकल आली. म्हणजे आरएक्स १०० ची आजी शोधत मागे गेलात तर ती शाळेच्या ऑर्गनपाशीच जाऊन पोचते.

आता नकलेचं बोलू. १९२६ ला यामाहाने जर्मनीच्या बेखश्टाइन या पियानो कंपनीतला श्लेगेल नावाचा तंत्रज्ञ बोलावून घेतला, आमचे पियानो बघा आणि काय चुकतंय ते सांगा म्हणून. साठच्या दशकात मोठा कॉन्सर्ट ग्रँड बनवताना इटलीचा नावाजलेला ट्यूनर तालोने मदतीला होता आणि १९६७ ला सीएफ नावाचा पियानो आला. रिश्टरसारखा मोठा रशियन पियानोवादक पुढे कितीतरी वर्षं यामाहा वाजवत राहिला, कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्डने शेवटच्या काळात यामाहावर रेकॉर्डिंग केलं. ज्याला नक्कल करायची असते तो चुका विचारायला कुणाला बोलवत नाही.

आणि कावाईने तर वेगळीच वाट धरली. १९७० नंतर त्यांनी अ‍ॅक्शनमधले काही लाकडी भाग काढून एबीएस प्लास्टिकचे घातले. लोकांनी नावं ठेवली, पियानोत प्लास्टिक! पण कारण ऐका. लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं, अ‍ॅक्शनमध्ये केसाएवढ्या फटीवर सगळा खेळ असतो, फुगलं की पट्टी जड होते. हे मला कुणी शिकवायची गरज नाही, आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये रोज एक पेटी येते पट्ट्या अडकलेली, आणि कोकणातून, गोव्यातून येतात त्यांची तर विचारू नका, तिथे जुन्या घरांतून पियानो आहेत त्यांचे हाल वेगळेच. प्लास्टिक हवेने फुगत नाही. पुढे त्यातच कार्बन फायबर मिसळलं, भाग हलके आणि ताठ झाले, त्यामुळे तीच पट्टी भराभर परत वाजवता येते. यात युरोपची नक्कल कुठे आहे?

एका ग्रँड पियानोत हजारो भाग असतात, पट्ट्या ८८, तारा सव्वादोनशेच्या वर आणि त्या सगळ्या तारांचा ताण मिळून २० टनाच्या आसपास. वीस टन, म्हणजे भरलेले दोन ट्रक एका लोखंडी चौकटीला ओढत उभे आहेत आणि त्या चौकटीखाली स्प्रूसच्या लाकडाचा साउंडबोर्ड, म्हणजे आवाज घुमवणारी फळी, बोटाच्या पेराएवढासुद्धा जाड नाही, मधे किंचित फुगीर. लाकूड आधी उघड्यावर वाळवतात, मग भट्टीत. घाई केली तर ते दहा वर्षांनी तडकतं, तेव्हा बनवणारा समोर नसतो. हा भाग मिरजेच्या तंबोरा बनवणाऱ्यांना सांगायला नको, ते भोपळा वर्षानुवर्षं माळ्यावर टांगून ठेवतात.

आणि सगळं जोडून झालं की शेवटी बसतो तो व्हॉइसिंग करणारा. हातोडीला लोकरीचा दाबलेला नमदा असतो. नमदा कडक असेल तर पियानो कर्कश वाजतो, मऊ असेल तर बसक्या आवाजाचा. हा माणूस हातात तीन-चार बारीक सुयांचं हत्यार घेतो आणि नमद्यात टोचतो, वाजवून बघतो, परत टोचतो, ८८ च्या ८८. जास्त टोचलं तर नमदा सहज परत कडक होत नाही. मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावताना मी तासन् तास बसलोय, घोडीवर कानस अशी फिरते की डोळ्याला काही दिसत नाही, नुसता एक पांढरा भुगा बोटाला लागतो आणि आवाज उघडतो. दोन्हीकडे मोजपट्टी नाही. कावाईत अशा सगळ्यात वरच्या कारागिरांना एमपीए म्हणतात, म्हणजे मास्टर पियानो आर्टिझन, आणि शिगेरू कावाई विकत घेतला की पहिल्या वर्षात त्यातला एक जण तुमच्या घरी येऊन पियानो तुमच्या खोलीप्रमाणे लावून देतो. घर बघून, पडदे-गालिचे बघून.

निकाल हवे असतील तर २०१० च्या वॉर्साच्या शोपँ पियानो स्पर्धेत युलियाना अवदेयेवा यामाहा वाजवून पहिली आली आणि २०१९ च्या मॉस्कोच्या चायकोव्हस्की स्पर्धेत अलेक्सांद्र कांतोरो शिगेरू कावाईवर पहिला आला. "स्वस्तात विकले" हे लिहिणाऱ्याने एवढं तरी बघायला हवं होतं.

संपादक महाशय, आता आमच्याकडचं सांगतो, खरं तर याच्यासाठीच लिहायला बसलो. आमच्या भागातल्या एका जुन्या शाळेत पायाचा ऑर्गन होता, परदेशी, पूर्वी प्रार्थना त्यावर व्हायची, माझी स्वतःची प्रार्थना त्याच्यावर झालीय. सांगली म्हणजे नाटकाचं गाव, विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला इथेच पहिला प्रयोग केला, संगीत नाटकाला ऑर्गनची साथ म्हणजे काय असते ते ज्यांनी ऐकलंय ती माणसं इथे अजून आहेत. दोन वर्षांपूर्वी कळलं की शाळेने खोली रिकामी करताना तो ऑर्गन भंगारात दिला. मी पळत गेलो तोवर लाकूड फोडून झालं होतं. दुकानदार ओळखीचा, त्याने पितळेचे सूर बसवलेला आतला पाट तेवढा वजनावर मला दिला. घरी आणून बघितलं, एक सूर सुद्धा तुटलेला नव्हता. धूळ आणि हिरवा गंज, बस. शाळेत विचारलं तर सांगितलं की बंद होता, दुरुस्त करणारा मिळाला नाही. मी दीड किलोमीटरवर राहतो. शाळेचा मला राग नाही, पण दुरुस्ती करणारा गावात आहे हेच कुणाला माहीत नसतं, त्याचं कुठे बोर्डवर नाव नसतं, कार्यक्रमाच्या पत्रिकेत तबलजीचं येतं, साउंडवाल्याचं येतं, याचं येत नाही.

म्हणून माझी तुमच्या पेपरमार्फत एक मागणी आहे. तुमची जिल्ह्या-जिल्ह्यात वार्ताहर मंडळी आहेत, त्यांनी जुन्या शाळा, वाचनालयं, नाट्यगृहं, चर्च इथे बंद पडलेले ऑर्गन, पेट्या, पियानो कुठे कुठे आहेत त्याची नुसती यादी छापा, आणि त्याच्या शेजारी त्या त्या गावातल्या दुरुस्ती करणाऱ्यांची यादी. एवढंच करा. भंगारात जायच्या आधी एकदा कुणाला तरी उघडून बघू दे. आणि पेटीच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी विद्यार्थ्याला निदान एकदा पेटीचं झाकण काढून आतला एक सूर लावायला लावावा, पंधरा वर्षं पेटी वाजवणारे लोक माझ्याकडे येतात आणि भात्याच्या आत काय आहे हे त्यांनी पाहिलेलं नसतं.

तो पितळी पाट आता मी लाकडाच्या नव्या खोक्यात बसवतोय. पेटीत भाता हवा आत ढकलतो आणि या ऑर्गनमध्ये भाता हवा ओढून घेतो, त्यामुळे सगळंच उलट जुळवावं लागलं, दोनदा चुकलो. रविवारी दोन पोरं येतात मदतीला, त्यातली एक अकरावीची मुलगी आहे, मी तिला पहिल्याच दिवशी वही आणायला सांगितली आणि उघडलेलं सगळं काढून घ्यायला लावलं. मागच्या रविवारी तिने मधल्या सप्तकातला गंधार लावला. मोबाईलवरच्या ट्यूनरमध्ये काटा बरोबर मधे होता, तरी तिचं तोंड वाकडं. म्हणाली, काका, बरोबर दाखवतंय पण बरा वाटत नाही. मी षड्ज धरून ठेवला आणि तिला गंधार वाजवायला लावला, तेव्हा तिला लाटा ऐकू आल्या, म्हणजे दोन सूर नीट जुळले नाहीत की आवाज हेलकावे खातो ते. यंत्राचा गंधार आपल्या गाण्यातल्या गंधारापेक्षा चढा असतो, ऑर्गनला तो तसाच ठेवायचा की नाटकाच्या गाण्यासाठी उतरवायचा यावर आमचं अर्धा तास बोलणं झालं. शेवटी मोबाईल उलटा ठेवला आणि तिने बुडाशी कानसीचा एक हलका हात मारला. अजून नऊ सूर बाकी आहेत.

आपला नम्र,
पेटी-ऑर्गन दुरुस्त करणारा एक वाचक,
सांगली